विहिरीच्या वहीतून उभा राहिलेला अर्ज

परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जाला आषाढात हात घातला, तर तो पौषात नीट जातो. दिवाळीनंतर जागा झालेला विद्यार्थी कितीही हुशार असला, तरी त्याची धावपळ अर्जाच्या पानापानावर दिसते. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. स्थापत्यच्या शेवटच्या वर्षातली दोन-चार मुलं दरवर्षी ‘मॅडम, बाहेर शिकायला जायचंय’ म्हणत येतात. गेल्या हंगामात त्यांतल्या एका मुलीचा अर्ज अगदी पहिल्या कागदापासून माझ्यासमोर तयार झाला. साताऱ्याच्या माण तालुक्यातली मुलगी, घरी कोरडवाहू शेती, आणि घरातल्या कुणाकडेही पासपोर्ट नाही.

पहिला प्रश्न कुठे अर्ज करायचा, हा. तिने चेवनिंगचं नाव ऐकलं होतं. ब्रिटिश सरकारची ही शिष्यवृत्ती 1983 पासून चालू आहे, पण तिला दोन वर्षांचा, म्हणजे 2800 तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. शेवटच्या वर्षातल्या मुलीला ते दार अजून बंद आहे. युरोपीय संघाची इरास्मुस मुंडुस मात्र पदवी हातात पडायच्या आधी अर्ज करू देते. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी पदवी मिळेल, असं महाविद्यालयाचं पत्र जोडलं की झालं. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, शिक्षण किमान दोन देशांत, फी माफ आणि खर्चाला महिना 1400 युरो. तिच्या विषयाचा एक अभ्यासक्रमही त्यात होता: भूजल आणि हवामानासारखे जागतिक बदल. शिकवणाऱ्या संस्था तीन, पोर्तुगालमधल्या लिस्बनची, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टची आणि जर्मनीतल्या ड्रेस्डेनची. दुष्काळी माणदेशच्या मुलीने भूजल शिकायचं, यात मला काही नवल वाटलं नाही.

मग कागद. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव असतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकीच्या नावाचा वेगळा. डेल्फ्टमध्ये बसून अर्ज तपासणाऱ्या माणसाला ही दोन नावं एकाच मुलीची आहेत, हे कसं कळावं? म्हणून पासपोर्टचा अर्ज भरताना गुणपत्रिका शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघायचं, आणि महाविद्यालयाकडून ‘ही दोन्ही नावं एकाच विद्यार्थिनीची’ असं पत्र घेऊन ठेवायचं. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावात एक वेलांटी वेगळी असली, तरी इंग्रजी स्पेलिंग बदलतं आणि पुढे महिनाभर खेटे घालावे लागतात.

ट्रान्सक्रिप्टची कथा आणखी लांबली. सगळ्या सत्रांचे गुण एका कागदावर, शिक्का-सहीनिशी, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून घ्यायचे असतात. पैसे भरले, पावती मिळाली, कागदही आला. पण एका विषयात पुनर्मूल्यांकनानंतर वाढलेले गुण त्यावर चढलेच नव्हते. मुलगी जुना निकाल, नवा निकाल, पावती असं सगळं घेऊन पुन्हा गेली. एका खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने पहिलीकडे. अखेर एका वयस्क लिपिकाने स्वतः उठून कपाटातलं रजिस्टर काढलं आणि नोंद दुरुस्त करून दिली. एखाद्या मुलीचं वर्ष वाचतं ते असं कुणीतरी खुर्चीवरून उठल्यामुळे. पण मुलांचं भवितव्य अशा भल्या माणसांच्या भरवशावर सोडणं बरं नाही. विद्यापीठांनी ट्रान्सक्रिप्ट ठरावीक दिवसांत आणि बिनचूक दिलंच पाहिजे.

खरा वेळ गेला तो हेतुपत्रात. मुलं त्याला एसओपी म्हणतात. तिचा पहिला मसुदा एआयकडून लिहून आणलेला होता. इंग्रजी गुळगुळीत, व्याकरणाची एकही चूक नाही. लहानपणापासून पाण्याची ओढ, पाणी हेच जीवन, जागतिक दर्जाच्या शिक्षणाची आस. त्याखाली सोलापूरच्या, जोधपूरच्या किंवा नैरोबीच्या कोणत्याही मुलाने सही केली असती तरी चाललं असतं. मी तो मसुदा बाजूला ठेवला आणि मराठीत विचारलं, ‘‘पाण्याचं तू स्वतः काय काम केलंयस?’’

बराच वेळ ती प्रोजेक्टबद्दलच बोलत राहिली. मग सहज म्हणाली, की गाव जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत उतरलं तेव्हा शाळेतल्या मुलांना विहिरींची पातळी मोजायला लावली होती. स्पर्धा संपली, बाकीच्यांनी सोडून दिलं, तिने चालू ठेवलं. हॉस्टेलला आल्यावर धाकटा भाऊ मोजतो आणि फोनवर सांगतो.

‘‘मग हे कुठे लिहिलंच नाहीस?’’

‘‘ते घरचं काम आहे, मॅडम. त्याचं सर्टिफिकेट नाही माझ्याकडे.’’

पुढच्या आठवड्यात तिने वही आणली. दोनशेपानी, खाकी कव्हर घातलेली, कोपरे पाण्याने फुगलेले. तारीख, विहिरीचं नाव, कठड्यापासून पाण्यापर्यंत किती फूट. मधे काही महिने कोरे: भावाची बारावी, एका पावसाळ्यात विहिरीकडची वाट बंद. दोन नावं पुन्हा पुन्हा येत होती, आंब्याची विहीर आणि थोरली विहीर. दोन्हींमध्ये एका शेताचं अंतर, खोली जवळपास सारखी. तरी आंब्याची विहीर माघात तळ दाखवते आणि थोरलीला वैशाखातही पाणी असतं. असं एखाद्या वर्षी नाही, वहीतल्या प्रत्येक वर्षी.

‘‘का?’’ मी विचारलं. गावात म्हणतात, थोरलीवर देवीची कृपा आहे. तिचं उत्तर वेगळं होतं. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टचा, आपल्या काळ्या पाषाणाचा. पाणी त्या पाषाणाच्या पोटात राहत नाही, वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत राहतं. काही ठिकाणी या थरांतून दुसऱ्या खडकाची उभी शिरा आरपार गेलेली असते, तिला डाइक म्हणतात. ती अखंड असली तर जमिनीखाली बांध घातल्यासारखं पाणी एका बाजूला अडतं. दोन विहिरींच्या मधल्या बांधावर तसा खडक उघडा पडलाय, असं तिचं म्हणणं. खात्री नाही, कारण तपासायची साधनं नाहीत आणि पद्धत शिकलेली नाही.

हेतुपत्र तिथे सापडलं. तिने ते आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत. सुरुवात थेट दोन विहिरींपासून. मग वहीतले आकडे, आणि कोऱ्या महिन्यांचा उल्लेखही तिने स्वतःहून ठेवला. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. गावागावांत अशा वह्या असतील तर त्या यंत्रणेच्या नोंदींना कशा जोडायच्या, हा तिचा पुढचा प्रश्न. आणि तो सोडवायला या अभ्यासक्रमातलं नेमकं काय हवं, हे शेवटी. ‘आवड’, ‘स्वप्न’, ‘जिद्द’ हे शब्द एकदाही आले नाहीत. तिचं इंग्रजी मी दुरुस्त केलं ते अर्थ अडेल तिथेच. मुलीचा आवाज पुसून टाकणारी दुरुस्ती करू नये, असं माझं ठाम मत आहे.

या कामात मला आनंदीबाई जोशींची फार आठवण येते. अमेरिकेत उतरल्यावर 1883 च्या जूनमध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. महाविद्यालयाच्या अटींत आपण पुरेपूर बसत नाही, हे त्यांनी लपवलं नाही. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचंय, एवढं स्वच्छ सांगितलं. 1886 मध्ये त्या एमडी झाल्या. आजच्या कोणत्याही अर्जदाराने ते पत्र मिळवून वाचावं.

सीव्ही युरोपीय संघाच्या युरोपास साच्यात एका बैठकीत झाला. राहिली शिफारसपत्रं, आणि इथे आपण प्राध्यापक कमी पडतो. पत्र संस्थेच्या लेटरहेडवर लागतं, शिफारस करणाऱ्याचा ईमेल संस्थेचा असावा अशी अपेक्षा असते, आणि बऱ्याचदा पोर्टलकडून दुवा थेट त्यालाच जातो. तो दुवा स्पॅममध्ये पडून राहतो. त्याहून वाईट म्हणजे ‘तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो’ ही आपली रीत. मग एकाच मुलीच्या हातची दोन पत्रं आणि हेतुपत्र अशी तिन्ही एकाच सुरात बोलतात, आणि रोज ढीगभर अर्ज वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. दुसरं पत्र देणाऱ्या तिच्या सरांनी मात्र वही मागवून घेतली, भूशास्त्राच्या तासाला तिने विचारलेला डाइकचा प्रश्न आठवून लिहिला आणि गणितात ती मध्यम आहे, हेही लिहिलं. तिच्या सगळ्या कागदांत मला ते पत्र सर्वांत मोलाचं वाटलं.

शेवटची मुदत मध्य युरोपच्या वेळेनुसार रात्री 11:59 ची होती, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे 4:29. त्या वेळेची वाट बघत बसू नये. शेवटच्या रात्री पोर्टल रेंगाळतं आणि गावाकडे वीज जाते. आम्ही अर्ज आठवडाभर आधीच पाठवला.

वसंतात निकाल आला. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसाठी नाव राखीव यादीत लागलं आणि तिच्यापर्यंत नंबर आला नाही. ती पुढच्या फेरीला पुन्हा अर्ज करणार आहे. मधल्या काळात पाणलोटाच्या कामावर नोकरी धरली आहे, आणि आता विहिरी मोजायचं टेपमाप तिच्या स्वतःच्या पगारातलं आहे.

माझ्या सहकारी शिक्षकांना एवढीच विनंती. यंदा कुणी विद्यार्थी शिफारसपत्र मागायला आला तर त्याच्याकडे ड्राफ्ट मागू नका. त्याला अर्धा तास समोर बसवा, त्याने काय केलंय ते विचारा, आणि पत्र स्वतः लिहा.