एक जंतू, दोन आजार

कुष्ठरोगाच्या एखाद्या रुग्णाच्या अंगावर फिकट, बधिर असा एकच चट्टा असतो. त्या चट्ट्यातला कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर जंतू शोधूनही सापडत नाही. दुसऱ्या रुग्णाची कातडी जाड झालेली, कानाच्या पाळ्या सुजलेल्या, अंगभर गाठी, आणि तशाच तुकड्यात कोट्यवधी जंतू. पहिल्या प्रकाराला ट्यूबरक्युलॉइड म्हणतात, दुसऱ्याला लेप्रोमॅटस. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ साली या दोन टोकांच्या दरम्यान उरलेले रुग्ण बसवून पाच पायऱ्यांचे वर्गीकरण केले. संसर्गाशी लढणाऱ्या पेशी कशा घडतात हे समजून घ्यायला याहून बोलके उदाहरण क्वचित मिळेल. प्रतिकार किती आहे यापेक्षा तो कोणत्या जातीचा आहे यावर आजाराचे रूप ठरते, आणि ती जात ठरते पेशीच्या केंद्रकात कोणती जनुके उघडली आणि कोणती मिटली यावर, असे माझे म्हणणे आहे.

हा फरक जंतूंतच असेल, ही पहिली शंका. कुष्ठजंतूची संपूर्ण जनुकीय संहिता २००१ साली वाचली गेली. त्यात सुमारे १६०० जनुके चालू अवस्थेत निघाली आणि ११००च्या वर निकामी. २००५ साली जगाच्या निरनिराळ्या भागांतल्या जंतूंची तुलना झाली, तेव्हा त्यांच्यात फरक जवळजवळ नाहीच असे दिसले. म्हणजे फरक माणसाच्या बाजूला आहे. मग सोपे उत्तर पुढे येते: एकाची प्रतिकारशक्ती भक्कम, दुसऱ्याची दुबळी. पण लेप्रोमॅटस रुग्णाच्या रक्तात कुष्ठजंतूविरुद्धच्या अँटिबॉडी भरपूर असतात, ट्यूबरक्युलॉइड रुग्णापेक्षा कितीतरी जास्त. इतर बहुतेक संसर्गांना तो चारचौघांसारखेच तोंड देतो. त्याचे शरीर स्वस्थ बसलेले नाही; ते चुकीच्या साधनाने लढते आहे. कुष्ठजंतू भक्षक पेशींच्या आणि मज्जातंतूंच्या वेष्टनपेशींच्या पोटात राहतो, आणि अँटिबॉडी तिथपर्यंत पोचत नाहीत.

साधनाची निवड कशी होते, याचा पहिला ठोस धागा कुष्ठरोगात मिळाला नाही, उंदरांच्या पेशींत मिळाला. १९८६ साली टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी दाखवले, की मदतनीस टी-पेशींचे त्या कोणती रसायने स्रवतात यावरून दोन गट पडतात. पहिला गट इंटरफेरॉन-गॅमा बनवतो, दुसरा इंटरल्युकिन-४. ही फूट जन्मजात नसते. कोरी टी-पेशी दोन्ही वाटांनी जाऊ शकते. जंतू गिळलेली पेशी त्याचा तुकडा तिला दाखवते आणि त्याच वेळी रासायनिक इशारे देते. इंटरल्युकिन-१२चा इशारा मिळाला तर पहिल्या वाटेला बळ मिळते आणि टी-बेट नावाचे नियामक प्रथिन त्या वाटेचा ताबा घेते. इंटरल्युकिन-४ मिळाले तर गाटा-३ वरचढ होते. लॉरी ग्लिमचर यांच्या प्रयोगशाळेने टी-बेट २००० साली वर्णिले. या प्रथिनांचे काम दुहेरी आहे. टी-बेट इंटरफेरॉनचे जनुक चालू करते आणि गाटा-३ला आवरते. केंद्रकातला डीएनए हिस्टोन प्रथिनांवर रिळावरच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. निवडलेल्या जनुकाभोवतीची गुंडाळी सैल होते, नाकारलेल्याभोवतीची घट्ट. पेशी दुभंगते तेव्हा ही ठेवण कन्यापेशींकडे जाते, म्हणून काही पिढ्यांनंतर तो निर्णय फिरवणे अवघड होते. पुढे इंटरफेरॉन-गॅमा भक्षक पेशीकडे परत जाऊन तिची जनुके बदलवतो. तेव्हा कुठे ती पोटातला जंतू मारू लागते. शरीरात ड जीवनसत्त्व पुरेसे असेल तर कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिनही बनवते.

१९९१ साली कुष्ठरुग्णांच्या चट्ट्यांत हेच पाहिले गेले. ट्यूबरक्युलॉइड चट्ट्यांत इंटरफेरॉन-गॅमाचा जनुकसंदेश ठळक होता, लेप्रोमॅटस चट्ट्यांत इंटरल्युकिन-४ आणि १०चा. केवळ सोबत आढळण्यावरून कारण सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर दुर्मीळ जन्मजात दोषांनी दिले. इंटरफेरॉन-गॅमाचा इशारा टिपणारे ग्राहक प्रथिन सदोष असलेली मुले १९९६ साली नोंदली गेली. क्षयाच्या बीसीजी लशीतला दुबळा जंतूही त्यांना गंभीर आजारी पाडतो. २०२० साली टी-बेटच नसलेल्या एका बालकाचे वर्णन आले, आणि त्यालाही बीसीजीनेच ग्रासले होते. वाट बंद असली की काय होते, हे यापेक्षा थेट दिसणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोन गटांचे हे चित्र फार सुबक आहे. बहुसंख्य रुग्ण मधल्या पायऱ्यांवर असतात, आणि टी-बेट व गाटा-३ दोन्ही बाळगणाऱ्या पेशीही सापडतात. पुढे टीएच-१७सारखे आणखी गट सापडले, हेही खरे. पण त्यामुळे मूळ मुद्दा ढळत नाही. पेट्या दोन असोत की सहा, पेशी कशी वागेल हे उघडलेल्या जनुकांवरच ठरते, आणि मधले रुग्ण एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकतात ते हे निर्णय पुरते गोठलेले नसतात म्हणूनच. पेशींच्या संख्येला मग काहीच महत्त्व नाही का? क्षयात ते निर्विवाद आहे: एचआयव्हीने मदतनीस टी-पेशी घटल्या की क्षय उसळतो. कुष्ठरोगातही तसेच होईल, एचआयव्हीबाधित रुग्ण लेप्रोमॅटस टोकाकडे ढकलले जातील, अशी अटकळ होती. ती खरी ठरली नाही. उलट एचआयव्हीची औषधे सुरू होऊन पेशींची संख्या सावरू लागली, की काही रुग्णांचे चट्टे एकाएकी लाल होऊन सुजतात.

या सुजेला टाइप-१ रिॲक्शन म्हणतात आणि ती एचआयव्ही नसलेल्या रुग्णांतही येते, विशेषतः मधल्या पायऱ्यांवरच्या. इंटरफेरॉनची वाट जोर धरते, जंतू मरतात, आणि त्याच माऱ्यात मज्जातंतू सापडतो. हात वाकडे होणे, पाऊल लुळे पडणे, पापणी न मिटणे यांतला मोठा वाटा या सुजेचा आहे. प्रतिकार वाढवला की भले होते, असे मानणाऱ्यांनी हा रुग्ण पाहावा. त्याला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यावे लागते, म्हणजे प्रतिकार दाबावा लागतो. लगाम घालणाऱ्या टी-पेशी आणि त्यांचे फॉक्सपी-३ हे जनुक यांवरच्या कामाला २०२५चे नोबेल मिळाले. तो लगाम किती मोलाचा, हे कुष्ठरोगाच्या डॉक्टरला वेगळे सांगावे लागत नाही.

या विषयात मुंबईचाही वाटा आहे. इथल्या कॅन्सर संशोधन संस्थेत लेप्रोमॅटस रुग्णांपासून वाढवलेल्या आयसीआरसी जंतूपासून डॉ. माधव देव यांच्या गटाने लस तयार केली. ती दिल्यावर काही लेप्रोमॅटस रुग्णांची लेप्रोमिन चाचणी, म्हणजे कुष्ठजंतूला पेशी प्रतिसाद देतात का हे कातडीवर पाहणारी चाचणी, नकारात्मकची सकारात्मक झाली. त्यांचा प्रतिसाद कुष्ठजंतूपुरता मुका होता आणि तो बोलता करता आला, एवढे तरी त्यातून दिसते. त्या बदलाबरोबर रिॲक्शनचा धोका येतो, तोही हिशेबात धरावाच लागतो. हाच धोका औषधोपचारानंतरही राहतो, म्हणून बहुविध औषधांचा सहा किंवा बारा महिन्यांचा उपचार संपून जंतू मेलेला असतानाही रुग्णावर लक्ष ठेवावे लागते. मेलेल्या जंतूंचे अवशेष कातडीत आणि मज्जातंतूत महिनोन्‌महिने राहतात, टी-पेशी त्यांच्यावर चालून जाऊ शकतात, आणि नव्याने आलेली बधिरता किंवा अशक्तपणा सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइडच्या हाती लागला तर हात-पाय वाचण्याची शक्यता बरीच असते. उपचार पूर्ण झाल्याचा कागद देताना ही गोष्ट रुग्णाला, आणि त्याच्या घरच्यांनाही, सांगितली गेली पाहिजे.