फुटबॉलपटूंचा पगार कोण भरतो?

पुणं आणि ब्लॅकबर्न या दोन गावांचा काय संबंध, असं विचारलं तर आपल्याकडे फार थोडे लोक उत्तर देतील. ब्लॅकबर्न हे इंग्लंडमधल्या लँकेशायरचं जुनं गिरणगाव. गिरण्या बंद पडल्या, पण १८७५ साली स्थापन झालेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब टिकला. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीज समूहानं तो सुमारे २.३ कोटी पौंडांना विकत घेतला. माझ्या खालाचा मुलगा तिथं राहतो. फोन केला की तो हमखास विचारतो, "भाईजान, आमच्या क्लबबद्दल तुमच्या पुण्यात काय बोलतात?" मी खेळातला जाणकार नव्हे, कविता लिहिणारा माणूस. पण त्याच्या प्रश्नानं मला या हिशेबात डोकं घालायला लावलं.

क्लबचं उत्पन्न मुख्यतः तीन वाटांनी येतं : तिकिटं, दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे आणि जाहिरातदार. खर्चात सर्वांत मोठा वाटा खेळाडूंच्या पगाराचा. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूला आठवड्याला २० पौंडांहून जास्त पगार देता येत नसे. ती मर्यादा उठली. पुढं १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि दूरचित्रवाणीचा पैसा वाहू लागला. १९९५ च्या बॉसमन निकालानं करार संपलेल्या खेळाडूला दुसऱ्या क्लबात मोफत जाण्याची मुभा दिली. खेळाडूची बाजू बळकट झाली आणि पगार चढत गेले. त्यात अन्याय काही नाही. लोक पैसे मोजतात ते त्याचा खेळ पाहायला.

अडचण आहे ती खालच्या पायरीवर. प्रीमियर लीगच्या खाली चॅम्पियनशिप ही श्रेणी. तिथं २४ क्लब, आणि दरवर्षी वर जाणार फक्त तीन. वर गेलं की दूरचित्रवाणीचे पैसे कित्येक पटींनी वाढतात. म्हणून प्रत्येक जण ऐपतीबाहेरचे खेळाडू घेतो. चॅम्पियनशिपमधल्या सगळ्या क्लबांचा मिळून पगारखर्च कित्येक हंगामांत एकूण उत्पन्नापेक्षाही जास्त झालेला आहे. म्हणजे शंभर रुपये मिळवायचे आणि शंभराहून अधिक नुसत्या पगारात घालायचे. वीजबिल, प्रवास, मैदानाची निगा हे सारं त्यानंतर. शिवाय करार अनेक वर्षांचे असतात. क्लब खालच्या श्रेणीत घसरला तर उत्पन्न लगेच घटतं, पण करारात तशी अट नसेल तर पगार आपोआप घटत नाही.

ही तूट भरतो मालक. ब्लॅकबर्नला हे नवं नाही. १९९५ मध्ये क्लबनं प्रीमियर लीग जिंकली ती पोलादाचे व्यापारी जॅक वॉकर यांच्या पैशावर. ते गावचेच, म्हणून गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. व्यंकीजच्या काळात क्लब २०१२ मध्ये प्रीमियर लीगमधून घसरला. त्या सामन्यात प्रेक्षकांनी मैदानात चक्क जिवंत कोंबडी सोडली. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला आणि वर्षभरात परतला. मालकांनी क्लबमधून पैसा काढला नाही, उलट कित्येक वर्षं ओतला, हेही सांगायला हवं. समर्थकांची तक्रार वेगळी आहे. निर्णय दूर कुठंतरी होतात आणि विचारणारं कुणी भेटत नाही.

शिवाय एकाच घरच्या पैशावर उभं राहण्यात धोका असतो. २०२३ नंतर भारतातून क्लबला पैसे पाठवण्यासाठी मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. खटला दिल्लीत, धास्ती ब्लॅकबर्नमध्ये. फेब्रुवारी २०२४ मध्ये गावातच जन्मलेला, क्लबनं लहानपणापासून घडवलेला ॲडम व्हार्टन सुमारे १.८ कोटी पौंडांना क्रिस्टल पॅलेसला विकला गेला.

ही भीती पोकळ नाही. ब्लॅकबर्नपासून जवळच बरी नावाचं गाव आहे. तिथला क्लब १८८५ चा. डिसेंबर २०१८ मध्ये तो अवघ्या एका पौंडाला विकला गेला. २०१९ च्या वसंतात खेळाडूंचे पगार थकले होते, तरी त्यांनी संघाला वरच्या श्रेणीत नेलं. मैदान गहाण होतं. ऑगस्टच्या अखेरीस, क्लब वाचेल या आशेनं, समर्थक झाडू घेऊन मैदान साफ करायला गेले. त्याच दिवशी, २७ ऑगस्टला, क्लबची लीगमधून हकालपट्टी झाली.

बरीसारख्या घटनांमुळे सरकारनं चौकशी नेमली आणि २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेनं फुटबॉल प्रशासनाचा कायदा केला. आता स्वतंत्र नियामक क्लबांना परवाने देणार, मालकांची पारख करणार. समर्थकांशी सल्लामसलतही क्लबांवर बंधनकारक केली आहे. पगारावर मात्र हा कायदा मर्यादा घालत नाही.

म्हणून मी भावाला सांगितलं, कोणता खेळाडू घेतला यापेक्षा तीन गोष्टी विचारत जा. उत्पन्नातला किती वाटा पगारात जातो? तूट मालक कर्ज म्हणून भरतो की भांडवल म्हणून? आणि मैदान कुणाच्या नावावर आहे? बरीच्या लोकांना या प्रश्नांची उत्तरं कळली तेव्हा हातात फक्त झाडू उरला होता.