हबमागचं बेअरिंग

जुन्या जीपला लॉकिंग हब बसवायचा विषय निघाला की पहिला प्रश्न मायलेजचा येतो, दुसरा किमतीचा, आणि मग मेकॅनिक सांगतो की काम अर्ध्या तासाचं आहे. तो खोटं बोलत नाही. विलीस घराण्याच्या पुढच्या एक्सलवर चाकाच्या मध्यभागी एक गोल फ्लँज सहा बोल्टांनी बसवलेला असतो. बोल्ट काढायचे, एक्सल शाफ्टच्या टोकावरची सर्क्लिप काढायची, फ्लँज ओढून घ्यायचा, त्या जागी नवा हब ठेवून बोल्ट आवळायचे. चाकाच्या बेअरिंगला हातही लावावा लागत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ही सोय फसवी आहे. हब बसवणं हे मुळात बेअरिंगचं काम आहे आणि बेअरिंग न उघडता बसवलेला हब अर्धाच बसलेला असतो.

आधी हब करतो काय ते पाहू. या जीप 'पार्ट-टाइम' फोर बाय फोर असतात. पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये तिसरं डिफरन्शियल नसतं, म्हणून डांबरी रस्त्यावर गाडी मागच्या दोन चाकांवरच चालवायची. पण लिव्हर टू-व्हीलमध्ये असला तरी पुढची चाकं फ्लँजमुळे शाफ्टला कायमची जोडलेली राहतात. चाकं फिरली की शाफ्ट फिरतात, पुढचं डिफरन्शियल आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्टही फिरतो, आणि हे सगळं कोणाच्याच कामाचं नसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्कराच्या शिल्लक जीप शेतावर आणि रस्त्यावर आल्या तेव्हा हीच अडचण पुढे आली. १९४८ साली आर्थर वॉर्न यांनी सुरू केलेल्या कंपनीचा पहिला नावाजलेला माल म्हणजे चाक शाफ्टपासून सोडवणारे हे हब. आपल्याकडे चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली आणि त्याच वंशाच्या गाड्या पुढे कित्येक दशकं बनत राहिल्या. म्हणून सत्तरहून अधिक वर्षांपूर्वीचा हा उपाय सातारा, कोल्हापूर किंवा सावंतवाडीच्या गॅरेजांत आजही जसाच्या तसा लागू पडतो.

मायलेजचा मुद्दा लवकर संपवता येतो. बिनभाराचे शाफ्ट आणि गिअर फिरवायला, तेल घुसळायला थोडी शक्ती लागते हे खरं. पण जीपसारख्या चौकोनी, जड गाडीत टायरमधली हवा, घाटाचा चढ आणि चालकाचा उजवा पाय यांचा परिणाम त्याहून इतका मोठा असतो की पंपावरच्या हिशेबात हबची बचत वेगळी काढून दाखवणं अवघड. खरा लाभ झिजेत आहे. शाफ्टचे जॉइंट, पिनियनचं बेअरिंग, प्रॉपेलरचे क्रॉस यांना डांबरावर विश्रांती मिळते, स्टिअरिंग थोडं हलकं होतं, आणि पुढच्या प्रॉपेलरची थरथर असेल तर ती बंद होते. शिवाय हब मोकळे ठेवून लिव्हर लो रेंजमध्ये टाकला की मागच्या चाकांवरच लो गिअर मिळतो. पक्क्या जमिनीवर ट्रेलर मागे ढकलताना तो फार कामाचा. जुन्या ट्रान्स्फर केसमध्ये पुढचा एक्सल जोडल्याशिवाय लो लागतच नाही, त्यामुळे एरवी ही सोय नसते.

आता बेअरिंगकडे. फ्लँजच्या जागी हब आला की चाक आणि शाफ्ट यांच्यातलं नातं बदलतं. फ्लँजचे दाते शाफ्टच्या दात्यांत कायम गुंतलेले असतात. चाक किंचित लटपटलं तरी तो जोड ते सोसतो. हबमध्ये मात्र एक कडी असते, ती शाफ्टवरून सरकून बाहेरच्या दात्यांत जाऊन बसते. बेअरिंग ढिलं असेल तर चाकाबरोबर हबचं घर शाफ्टच्या मानानं तिरकं होतं आणि कडी पूर्ण आत जात नाही. अर्धवट गुंतलेल्या दात्यांवर चिखलातला सगळा जोर आला की त्यांचे कोपरे गोल होतात, आणि मग भर चढावर हब कटकट आवाज करत सुटतो. दोष हबच्या बनावटीला दिला जातो. नवा हब येतो, तोही तसाच जातो. अशा वेळी तुटलेल्या कडीपेक्षा बेअरिंग आवळणारा स्पिंडलवरचा नट आधी बघावा. त्यावर बहुधा छिन्नीच्या खुणा सापडतात.

त्या खुणा बरंच काही सांगतात. हा नट मोठा आणि पातळ, त्याचा बॉक्स पाना सगळ्या गॅरेजांत नसतो. मग छिन्नी नटाच्या कडेला टेकवून हातोडीनं ठोकत तो फिरवतात. ठोकून नट आवळता येतो, पण किती आवळला ते हाताला कळत नाही, आणि या कामात सगळं त्या 'किती'वरच आहे. रीत अशी: चाक हातानं फिरवत राहायचं आणि आतला नट आवळत न्यायचा, चाक जड होईपर्यंत. त्यामुळे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट फेऱ्याचा साधारण सहावा हिस्सा मागे घ्यायचा. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. त्यावर लॉक वॉशर, मग बाहेरचा नट. बाहेरचा नट आवळला की आट्यांमधली सूट संपून आतला नट किंचित पुढे ढकलला जातो, म्हणून चाक पुन्हा फिरवून आणि हलवून पाहायचं. घाईत हीच शेवटची तपासणी राहते. सगळं ठीक वाटलं की वॉशरची कड नटावर दुमडायची. एकदा दुमडलेली कड पुन्हा सरळ करून वापरू नये, वॉशर नवाच घ्यावा. त्याची किंमत हबच्या मानानं नगण्य आहे.

नट काढण्याआधी चाकात खेळ आहे का, हे जॅकवर गाडी असतानाच बघावं. चाक वर आणि खाली धरून हलवायचं, हलत असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. खेळ थांबला तर तो बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. ही परीक्षा न करता नुसता नट आवळत राहिलं की किंगपिनच्या दोषाची शिक्षा बेअरिंगला मिळते. उघडल्यावर बेअरिंग डिझेलमध्ये धुवायचं आणि कप उजेडात धरायचा. निळसर छटा म्हणजे तापलेलं. रोलरच्या अंतरानं उमटलेले तपकिरी पट्टे म्हणजे पाणी शिरून गाडी तशीच उभी राहिलेली. खड्डे दिसले तर कप आणि कोन दोन्ही बदलायचे, एकच बदलून चालत नाही. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूनं दाबत राहायचं, रोलरांमधून पलीकडे निघेपर्यंत. मात्र हबच्या आत ग्रीस ठासायचं नाही. तिथे पातळ हात पुरे, नाहीतर थंडीत हब लॉक करायची डायल फिरत नाही आणि कडी चिकटून बसते.

'चालतंय ते उघडू नये' असं म्हणणारे मेकॅनिक अनाडी नसतात. गेल्या हंगामात बेअरिंग कोणी नीट केलेलं असेल, चाकात खेळ नसेल, तर ते तसंच ठेवावं हे मलाही मान्य आहे. पण तिसऱ्या-चौथ्या मालकाकडून घेतलेल्या जीपच्या बेअरिंगचा इतिहास कोणाला माहीत असतो? शिवाय आपल्या पावसात या चाकांचं पाण्याशी सतत काम पडतं. गोव्यात भर पावसाळ्यात होणारी रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा सोडाच, कोकणातला साधा ओढाही पुरतो. ब्रेक लावत घाट उतरलेला हब तापलेला असतो. तो थंड पाण्यात बुडला की आतली हवा आक्रसते आणि झिजलेल्या ऑइल सीलजवळून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ दिसलं तर समजावं की चार महिन्यांनी गंज येणारच होता. अशा एक्सलवर नवा हब बसवून बाहेरून चकाकी आणली, तर ती तपासणी निदान एक वर्ष लांबते.

हब जागेवर बसवतानाही दोन गोष्टी निसटतात. हबचं घर फ्लँजपेक्षा जाड असतं, त्यामुळे जुने बोल्ट कमी आटे पकडतात. लांबी मोजून नवे घ्यावेत, आटे साफ करावेत, पॅकिंग नवं घालावं. आणि शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप परत घालायला विसरू नये, कारण शाफ्टला आत सरकू न देणारी तीच असते. मग चाचणी. दोन्ही चाकं उचलून, लिव्हर टू-व्हीलमध्ये. हब मोकळा असताना चाक फिरवलं तर शाफ्ट स्थिर राहिला पाहिजे. आता एकच हब लॉक करून ते चाक फिरवलं आणि प्रॉपेलर हलला नाही, तर घाबरू नये. साध्या डिफरन्शियलमध्ये जोर सोप्या वाटेनं पलीकडच्या मोकळ्या शाफ्टकडे जाऊ शकतो. चिखलात हीच गोष्ट महागात पडते: एका बाजूचा हब लॉक करायचा राहिला, तर इंजिनचा जोर त्या बाजूच्या मोकळ्या शाफ्टला गरगर फिरवण्यात जातो आणि पुढचं एकही चाक ओढत नाही.

मग विसराळू माणसानं ऑटोमॅटिक हब का घेऊ नयेत, हा आक्षेप रास्त आहे. रोज डांबर आणि महिन्यातून एकदा शेतरस्ता असा वापर असेल तर ते चालतील. पण उतार-चढाच्या जागी, गाडी पुढे-मागे झुलवून बाहेर काढताना, कॅमवर चालणारा स्वयंचलित हब दिशा बदलली की आधी सुटतो आणि मग धक्क्यानं गुंततो. निर्वाताच्या नळीवर चालणाऱ्या हबचं भवितव्य त्या नळीच्या रबरावर अवलंबून असतं. हातानं फिरवायच्या हबला दोनदा खाली उतरावं लागतं, बाकी त्यात बिघडण्यासारखं कमी आहे. ओढ्यात उतरण्याआधी लॉक करायचं, ओढ्यात अडकल्यावर नाही, एवढी सवय पुरते. दुसरा आक्षेप तेलाचा: शाफ्ट स्थिर राहिले तर वरच्या गिअरांना तेल कसं मिळणार? म्हणूनच महिन्यातून एकदा हब लॉक करून, लिव्हर टू-व्हीलमध्येच ठेवून काही किलोमीटर गाडी चालवावी. तेल पसरतं, आणि टू-व्हीलमध्ये असल्यानं डांबरावर पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये ताण साचत नाही.

काम संपल्यावर थोडं अंतर चालवून गाडी थांबवावी आणि दोन्ही बाजूंच्या हबवर हात ठेवावा. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागली तर त्या बाजूचा ब्रेक घासतोय का ते आधी बघावं. तो घासत नसेल तर नट जास्त आवळला गेलाय, आणि वॉशरची कड पुन्हा उघडावी लागेल. सहा बोल्टही तेव्हाच तपासून घ्यावेत. आणि पहिल्या पावसाळ्यानंतर ग्रीसचा रंग पाहण्यासाठी एक तरी बाजू उघडावी.