पिल्सेनच्या चौकात ओतलेली बिअर



सत्तरी ओलांडलेली एक निवृत्त नर्स बिअरवर लिहायला बसली, हे पाहून काही जण नक्की हसतील. हसू द्या. ही गोष्ट नशेची नाही, स्वच्छतेची आणि एकीची आहे. म्हणून लहानांनीही ती वाचायला हरकत नाही.

युरोपात झेक प्रजासत्ताक हा छोटासा देश आहे. राजधानी प्राग, आणि तिच्या पश्चिमेला पिल्सेन हे शहर. राजा दुसरा वेन्सेस्लास याने १२९५ साली ते वसवले आणि तिथल्या घरमालकांना बिअर बनवण्याचा हक्क दिला. पुढे असे अडीचशेच्या वर हक्कदार झाले. एकाच गावात बिअर कधी छान व्हायची, कधी आंबट होऊन नासायची. गिऱ्हाईक कुरकुर करायचे आणि बाहेरगावची बिअर प्यायचे.

१८३८ साली गावाचा संयम संपला. नगरपालिकेसमोर, भर चौकात, खराब बिअरची ३६ पिंपे ओतून टाकली. मला हे फार आवडते बघा. नासलेला माल गुपचूप खपवला नाही, स्वस्तात गरिबांच्या गळ्यात मारला नाही. इस्पितळात मुदत संपलेले औषध कितीही महाग असले तरी आपण टाकतोच ना? तसेच हे.

पण नुसते ओतून भागत नाही. पुढच्याच वर्षी हक्कदारांनी ठरवले की आता सगळ्यांनी मिळून एकच चांगला कारखाना बांधायचा. शेजारच्या बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा तरुण कारागीर बोलावला. त्याने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिला घाणा काढला, आणि ११ नोव्हेंबरला संत मार्टिनच्या जत्रेत ती बिअर लोकांपुढे आली. तोवर बिअर बहुतेक गडद आणि गढूळ असायची. ही मात्र सोन्यासारखी पिवळी आणि नितळ! आज जगात खपणारी बहुतेक बिअर याच पिल्सेनच्या घराण्यातली आहे.

आता मुलांसाठी सांगते, ती बनते कशी. जव, म्हणजे बार्ली, भिजवून तिला मोड आणतात आणि मग वाळवतात. आपण नाचणीचे सत्त्व करताना नाचणीला मोड आणतो ना, तसेच. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर व्हायला सोपे जाते. (जव हे हामेत्स, म्हणूनच पेसाहला बिअर आपल्या घरात नसते.) ग्रोलने जव मंद आचेवर वाळवले, म्हणून रंग फिका राहिला. पिल्सेनचे पाणीही फार मऊ, क्षार कमी. त्या गोड पाण्यात हॉप नावाच्या वेलाची फुले उकळतात, मग यीस्ट घालून थंड तळघरात आठवडेच्या आठवडे ठेवतात. घाई करून चालत नाही.

यीस्ट हा जिवंत जीव आहे, हे तेव्हा सगळ्यांना पटलेले नव्हते. पुढे लुई पाश्चरने १८७६ साली बिअरवर पुस्तक लिहिले. नको ते जंतू शिरले की बिअर ‘आजारी’ पडते, हे त्याने दाखवले. हात धुवा, भांडी उकळा, हे आम्हा नर्सना पहिल्या दिवशी शिकवतात. बिअरवाल्यांचाही तोच धडा, बरे का!

हॉपचा वेल आपल्या कोकणातल्या पानमळ्याची आठवण करून देतो, फक्त उंच तारांवर सात मीटरपर्यंत चढतो. त्याने कडवटपणा येतो आणि बिअर टिकतेही. सर्वांत नावाजलेला हॉप झाटेत्स गावाचा. २०२३ साली युनेस्कोने त्या परिसराला जागतिक वारसा ठरवले. या हॉपच्या व्यापारात एके काळी पुष्कळ यहुदी कुटुंबे होती. पिल्सेनमध्ये तर १८९३ साली पुरे झालेले, युरोपातल्या सर्वांत मोठ्या सिनेगॉगांपैकी एक सिनेगॉग आजही उभे आहे. पण जानेवारी १९४२ मध्ये नाझींनी पिल्सेनमधल्या अडीच हजारांहून अधिक यहुद्यांना तेरेझिनला नेले. त्यांतले फार थोडे परतले. सिनेगॉग राहिले, ते भरणारी माणसे राहिली नाहीत. बिअरच्या इतिहासात हे पानही आहे, ते गाळून कसे चालेल?

झेक लोक बिअरला ‘पातळ भाकर’ म्हणतात. दुकानात बसले की वाढपी टेबलावर कागदाची चिठ्ठी ठेवतो आणि दर पेल्याला एक रेघ ओढतो. बाटलीवर १० किंवा १२ अंश लिहिलेले असते, ते मात्र अल्कोहोलचे टक्के नव्हेत. आंबवण्यापूर्वी पाण्यात साखर वगैरे किती विरघळली होती, त्याचे ते माप. प्रागच्या कार्ल बॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाने ते बसवले. १२ अंशांच्या बिअरमध्ये अल्कोहोल साधारण ५ टक्के असते.

हा देश दरडोई बिअर पिण्यात जगात पहिला. वीस वर्षांपूर्वी माणशी वर्षाला दीडशे लिटरच्या वर जात होती, अलीकडे सव्वाशेच्या आसपास आली आहे. आणि एक शिस्त पाहा. तिथे गाडी चालवणाऱ्याला एक घोटही चालत नाही, कायद्याने मर्यादा शून्य.

आता नर्स म्हणून दोन शब्द. दारूचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले. झोपेची गोळी, मधुमेहाचे औषध किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेला हातात धरू नये. आपल्या वयात तोल जाऊन मोडलेले हाड लवकर जुळत नाही. गरोदर बाईने तर मुळीच नको. मुलांनो, तुम्ही लिंबू सरबत घ्या.

झेक लोक पेला उचलताना ‘ना झ्द्रावी’ म्हणतात, म्हणजे तब्येतीसाठी. आपण ‘लेखाईम’ म्हणतो, जीवनासाठी. दोन्ही शब्द तोंडाने म्हणायचे, तर ते पाळायलाही हवेत.