दांडी हातात यायला नको

खाडीत पाहुण्यांना फिरवायला आमच्या गटाकडे एक लहान शिडाची फायबर होडी आहे. गेल्या हंगामात होडीत चढताना आमच्यातल्या एका काकींनी डेकवरची दांडी धरली, ती उपटून हातातच आली. काकी धक्क्यावर पडल्या म्हणून गुडघ्यावर निभावलं. पाण्यात पडल्या असत्या तर?

दांडी चांगली जाड होती, पण वरून नुसते स्क्रू मारून बसवली होती. आमच्या होडीचा डेक म्हणजे वर-खाली फायबर आणि मध्ये प्लायवुड. स्क्रूच्या भोकातून पाणी आत मुरलं आणि प्लाय कुजला. वरून काहीच दिसत नव्हतं. तेव्हा एक गोष्ट पक्की कळली: दांडीची ताकद तिच्या खाली काय आहे यावर असते.

आता नवी दांडी कशी बसवली ते सांगतो. आधी जागा ठरवली. गटातल्या उंच, बुटक्या, वयस्कर, सगळ्या बायकांना होडीत चढायला-उतरायला लावलं. जिथे हात आपसूक गेला तिथे खडूने खूण केली. दांडी आणि डेक यांत दोन इंच मोकळी जागा ठेवली, म्हणजे मूठ नीट बसते. दोन्ही टोकं खाली वळलेली घेतली. नाहीतर दोरी आणि पदर अडकतो.

दांडी आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या. खाऱ्या पाण्याला ३१६ नंबरचं स्टील चांगलं. साधं लोखंड लवकर गंजतं.

बोल्ट ८ मिलिमीटरचा असेल तर भोक आधी १२ मिलिमीटरचं पाडा. खालून चिकटपट्टी लावून ते इपॉक्सीने भरा. इपॉक्सी पूर्ण कडक झाल्यावर मधोमध ८ मिलिमीटरचं भोक पाडा. आता बोल्टभोवती इपॉक्सीची भिंत झाली, पाणी प्लायपर्यंत पोचत नाही. हे काम हातमोजे घालून, उघड्या हवेत करा.

बोल्टाला होडीचं सीलंट लावून तो डेकमधून आरपार घाला. डेकच्या खालून जाड मरीन प्लायची किंवा स्टीलची पट्टी, त्यावर मोठा वॉशर आणि मग नट. ओढ बसली की ती पट्टीभर वाटली जाते, एका भोकावर येत नाही. आवळताना बोल्टाचं डोकं स्थिर धरा आणि खालून नट फिरवा. बोल्ट फिरला तर सीलंट सुटतं.

सीलंट सुकल्यावर होडी किनाऱ्यावरच असताना दोघींनी दांडी सगळ्या बाजूंनी जोरात ओढून पाहा. मग वरून बादलीभर पाणी ओता आणि खाली कोरडं फडकं फिरवा. फडकं ओलं झालं तर तो बोल्ट काढून पुन्हा बसवा.

हे सगळं मे महिन्यातच उरका. पावसाळी दमट हवेत इपॉक्सी नीट धरत नाही. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात घालण्याआधी प्रत्येक नट हाताने तपासा. खाली तपकिरी ओघळ दिसला, तर पाणी शिरतंय असं समजा.

आमच्या काकी आता पुन्हा होडीत चढतात. पण दांडी आधी एकदा हलवून बघतात, मगच पाय टाकतात. तुम्हीही ही सवय लावून घ्या.