नाव गाण्याचं, पोस्टर सिनेमाचं

भातकापणी आटोपून दिवाळी जवळ आली की पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर तारपा बाहेर निघतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात मेणानं घट्ट बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा, एवढंच हे वाद्य. तारपकरी सूर बदलतो तशी त्याच्याभोवती फेर धरलेल्यांची पावलं बदलतात. या सुरावटींना शब्द नाहीत, म्हणून पहिल्या ओळीवरून पडणारं नावही नाही. लग्नात धवलेरी, म्हणजे लग्न लावणाऱ्या स्त्रिया, गातात त्या गाण्यांना शब्द असतात, पण तीही ओळखली जातात ती विधीवरून. त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, सातपाटी-मुरब्यापासून डहाणूपर्यंतच्या कोळीवाड्यांत मात्र गाणं मुखड्यानं ओळखलं जातं. ‘मी डोलकर’ हे शीर्षक कुणी बैठक घेऊन ठरवलं नव्हतं. शांता शेळके यांनी गीत लिहिलं, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल बांधली, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी ते गायलं. आणि ऐकणाऱ्यांनी सुरुवातीच्या शब्दांनाच नाव करून टाकलं.

सिनेमाचं तसं नसतं. त्याचं नाव निर्माता ठरवतो, संघटनेकडे नोंदवतो, पोस्टरवर छापतो आणि मग ते लोकांपर्यंत येतं. गाण्याचं नाव लोकांच्या तोंडून तयार होतं, सिनेमाचं लोकांसाठी तयार केलं जातं. म्हणूनच एकाच नावाचं गाणं आणि सिनेमा समोर आले, की त्याकडे प्रश्नमंजूषेतली गंमत म्हणून पाहून भागत नाही. सिनेमा जेव्हा जुन्या गाण्याचं नाव घेतो, तेव्हा तो श्रोत्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेली ओळख घेतो. ती घ्यायला हरकत नाही. पण ती कुणाकडून घेतली हे सांगायची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि आपल्याकडे ती क्वचितच पाळली जाते.

मराठीतलं सर्वांत बोलकं उदाहरण वसंत जोगळेकरांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’चं. 1976 सालच्या या सिनेमातलं कोळी बाजाचं ‘गोमू संगतीनं’ किनारपट्टीवरच्या लग्नांत आजही वाजतं. त्याच सिनेमात सुधीर मोघे यांचं ‘रात्रीस खेळ चाले’ हे गीत आहे आणि त्याच्या ध्रुवपदातच सिनेमाचं नाव गुंफलेलं आहे. म्हणजे सिनेमाचं नाव एका गाण्यात सामावलं होतं आणि त्या गाण्याला लोकांनी मात्र त्याच्या आरंभावरून वेगळं नाव दिलं. पुढे 2016 मध्ये झी मराठीवर मालिका आली ती या दुसऱ्या नावानं. तिची तीन पर्वं झाली, तिच्यातली अण्णा नाईक आणि शेवंता ही पात्रं घराघरांत पोहोचली. आज बोईसरच्या एखाद्या शाळकरी मुलासमोर हे तीन शब्द उच्चारले, तर त्याला नाईकांचा वाडा आठवेल. मोघ्यांचं नाव आठवण्याचं त्याला काही कारणच उरलेलं नाही. एकाच गीताच्या चार-सहा शब्दांनी दोन मोठ्या व्यावसायिक कलाकृतींचं बारसं केलं, आणि ते शब्द जुळवणारा माणूस या हिशेबात कुठेच नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की उसनी नावं घेणं हा मुळात आळस आहे, नवं सुचत नाही म्हणून जुनं उचललं जातं. हा आक्षेप मला पटत नाही. अभंग, ओवी, लावणी हे सगळं आपण पहिल्या चरणानंच ओळखत आलो आहोत, आणि तो चरण नव्या ठिकाणी नेऊन ठेवणं ही आपली जुनी रीत आहे. कमलाकर तोरणे यांच्या 1972 सालच्या ‘आम्ही जातो अमुच्या गावा’ची पाटी तुकोबांच्या निरोपाच्या अभंगातून आली. भालजी पेंढारकरांचा 1964 सालचा ‘मराठा तितुका मेळवावा’ समर्थ रामदासांच्या शब्दांवर उभा आहे. राम जोशी यांची ‘सुंदरा मनामध्ये भरली’ ही लावणी पेशवाईच्या उत्तरार्धातली. 2020 मध्ये कलर्स मराठीवरच्या मालिकेनं तेच नाव घेतलं. यांतल्या तुकोबांना आणि रामदासांना श्रेयनामावलीची गरज पडली नाही, कारण ते शब्द कुणाचे हे प्रेक्षक घरातूनच शिकून आलेला असे. चित्रपटगीतकाराला असं घर नाही. त्याचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावर होतं, ते वेष्टन गेलं तसं नावही गेलं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नव्या सिनेमामुळे जुनं गाणं पुन्हा ऐकलं जातं, मग तक्रार कसली? काही वेळा हे खरं ठरतं. ‘ओम शांती ओम’ हे ‘कर्ज’ (1980) मधलं आनंद बक्षींचं गाणं. 2007 मध्ये त्याच नावाचा सिनेमा आला आणि त्याची सुरुवातच ‘कर्ज’मधल्या त्या गाण्याच्या चित्रीकरणानं होते. मूळ कलाकृती समोर उभी करून मग तिचं नाव वापरलं, हा उसनवारीचा उत्तम नमुना. पण ‘ऐ दिल है मुश्किल’ पाहा. ‘सीआयडी’ (1956) साठी मजरूह सुलतानपुरींनी लिहिलेलं मुंबईचं ते प्रसिद्ध गाणं. 2016 च्या सिनेमानं नाव घेतलं आणि ध्रुवपदात तेच शब्द असलेलं एक वेगळंच शीर्षकगीत केलं. ते गाणं चांगलं आहे, प्रश्न त्याच्या दर्जाचा नाही. पण आता मोबाइलवर हे नाव शोधलं तर आधी नवं गाणं येतं आणि जुन्यापर्यंत पोहोचायला ते आहे हे आधीच ठाऊक असावं लागतं. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ (1995) चं नावही ‘चोर मचाए शोर’ (1974) मधल्या गाण्यातून आलं. त्या सिनेमाच्या श्रेयनामावलीत नाव सुचवणाऱ्या किरण खेर यांचा उल्लेख आहे. नाव कुठून आलं हे पडद्यावर सांगता येतं, त्यासाठी एक ओळ पुरते, हे यातून सिद्ध होतं. ती ओळ आणखी एक पायरी मागे, गीतकारापर्यंत न्यायची एवढंच.

कायदा इथे मदतीला येत नाही. ‘देसी बॉईज’ या नावावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये सांगितलं की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. हा निकाल योग्यच आहे. दोन-चार शब्दांवर मालकी बसवली तर पुढच्या कवीनं लिहायचं कशानं? निर्मात्यांच्या संघटना शीर्षकं नोंदवून घेतात, मराठीसाठी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ ते काम करतं. पण त्या नोंदीचा हेतू दोन सिनेमांची टक्कर टाळणं हा असतो. गाणं त्या रस्त्यावर येतच नाही. मालकी नको हे मान्य केलं तरी उल्लेख हवा ही मागणी उरतेच, कारण उल्लेखानं कुणाचा हात अडत नाही.

पालघरमध्ये हा प्रश्न जास्त टोकदार होतो. तारप्याभोवतीचा फेर जिव्या सोमा मशे यांनी चित्रांतून जगभर नेला, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. चित्राखाली सही असते, संग्रहालयात पाटी असते. सुरावटीला यातलं काहीच नाही. आता तीच सुरावट कीबोर्डवर बसवून लग्नाच्या डीजेवर वाजते. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळी करून घरी परतणारी पाड्यावरची पोरं ती मोबाइलवर ऐकतात आणि चढवणारा देईल तेच तिचं नाव होतं. उद्या एखाद्या निर्मात्यानं ते नाव सिनेमाला दिलं, तर मूळ गाणं कुणाचं हे विचारायलाही कागदोपत्री कुणी सापडणार नाही. गीतकाराचं निदान नाव विसरलं जातं. इथे विसरायलाही नाव नाही.

म्हणून महामंडळाच्या शीर्षक-नोंदणीच्या अर्जात एक रकाना वाढवावा: नाव कुठून घेतलं. गाण्यावरून घेतलं असेल तर गीतकार, अभंगावरून असेल तर संत, आणि लोकगीतावरून असेल तर जमात, तालुका आणि जमल्यास गाव. जे तिथे लिहिलं जाईल, तेच सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर यावं.