जीर्णाचे सोंग आणि जीर्णोद्धार

गेल्या दिवाळीस आमची कन्या नागपुराहून माहेरी आली, ती येताना एक तिपाई घेऊन आली. तिपाई अगदी नवी होती; परंतु तीस प्रथम पांढरा रंग देऊन मग कडांवरचा व पायांवरचा रंग काचकागदाने घासून काढलेला होता, आणि एक कोपरा तर मुद्दाम ठेचलेला दिसत होता. दुकानदाराने हिला फसविले असे समजून आम्ही सहानुभूतीने चौकशी करू लागलो, तो ती हसून म्हणाली, "बाबा, अशी जुनी दिसणारी वस्तूच हल्ली महाग असते. चार हजार दिले मी हिचे!"

आम्ही देवळीचे राहणारे. चार हजारांत आमच्या येथे सुतार सबंध घराच्या मोडक्या खुर्च्या नीट करून देईल. पण मुलगी सणाला आलेली. आम्ही गप्प बसलो.

ह्या पद्धतीस 'शॅबी शिक' असे नाव आहे, हे तिच्याकडूनच समजले. रेचेल ॲशवेल नावाच्या एका इंग्लिश बाईंनी 1989 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे ह्याच नावाचे दुकान काढले आणि तेथून हे नाव जगभर पसरले. जुन्या बाजारातले रंग उडालेले सामान घ्यावे, मळक्या कोचांस धुता येतील अशा सैल खोळी घालाव्यात आणि घर नीटनेटके, राबते ठेवावे, अशी त्यांची मूळ रीत. तीत वावगे काहीच नाही. उलट काटकसरच आहे. पुढे मागणी वाढली, तेवढे जुने सामान मिळेना, तेव्हा नव्यासच जुन्याचे सोंग देण्याचा धंदा सुरू झाला. मुलगी आणते ती तिपाई ह्या दुसऱ्या पिढीतली.

आपल्या भाषेत ह्या कामी एक सुंदर शब्द पूर्वापार आहे: जीर्णोद्धार. 'जीर्ण' म्हणजे वापरून, काळाने झिजलेले. 'उद्धार' म्हणजे वर उचलून घेणे. (वैयाकरणाची खोड वाचकांनी क्षमा करावी.) देवळाचा जीर्णोद्धार होतो तसा पाटाचा, लुगड्याचा, भिंतीचाही व्हावयास हरकत नाही, मात्र वस्तू आधी खरोखर झिजलेली हवी. हा वाद घरात बसून मिटेना, म्हणून पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीज आटोपताच, आम्ही बापलेक सेवाग्रामास गेलो.

सेवाग्राम आम्ही शाळेच्या सहलींच्या निमित्ताने वीस-पंचवीस वेळा पाहिले असेल. मुले मोजता मोजता पाहिलेले ते पाहणे! ह्या खेपेस भिंतींकडे लक्ष गेले. गांधीजी 1936 साली येथे राहावयास आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. बुलढाण्याकडच्या शेगावाशी टपालाचा घोटाळा होऊ लागल्याने 1940 साली ते सेवाग्राम झाले. घर बांधावयाचे ते गावच्या कारागिरांकडून आणि जवळपास मिळणाऱ्या सामानातून, ही गांधीजींची अट. माती, बांबू, लाकूड आणि वर कवेलू. आज जीस बापूकुटी म्हणतात ती मुळात मीराबहेनने स्वतःसाठी उभारलेली झोपडी. ही बाई इंग्लंडच्या आरमारातील एका ॲडमिरलची कन्या, पूर्वाश्रमीची मॅडेलीन स्लेड. 1925 साली ती हिंदुस्थानात आली. तिने मातीच्या भिंतीवर मातीनेच उठावाची चित्रे काढली: तालवृक्ष, चरखा, ॐकार. त्यात रंग नाही, पैशाचा खर्च नाही. जी माती भिंतीस लावली तीच बोटांनी थोडी अधिक चढवली, इतकेच. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या चित्रांची सावली पडते, आणि ती सावली हाच त्यांचा रंग.

आत गेल्यावर मुलगी बराच वेळ उभी राहिली. खाली सारवलेली जमीन, बैठक, समोर ठेंगणे मेज. आलेल्या पत्रांचे लिफाफे उलटून त्यांच्या कोऱ्या बाजूस मजकूर लिहिणाऱ्या माणसाची ही खोली. इव्हान इलिच हे विचारवंत 1978 साली सेवाग्रामास आले असता ह्या कुटीत बसून राहिले होते आणि तीवरच व्याख्यान देऊन गेले. माणूस वस्तू साठवीत जातो तसतसा तो त्यांच्यावर अवलंबून राहून दुबळा होतो, अशा आशयाचे ते बोलले होते. आम्हांस मात्र त्या क्षणी तत्त्वज्ञान सुचले नाही. आम्हांस आमच्या माजघराची भिंत आठवली आणि मान खाली गेली.

ते आता सांगितलेच पाहिजे.

आमचे घर वडिलोपार्जित, मातीच्या भिंतींचे. निवृत्त झालो तेव्हा हाती रक्कम आली आणि घर 'पक्के' करण्याची हौस वाटली. माजघराच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करून वर तैलरंग द्यावयाचे ठरले. त्या भिंतीवर आमच्या मंडळींनी तीस वर्षे आपला हात चालविला होता. दरवर्षी पांढऱ्या मातीचे पोतेरे, आणि खालच्या अंगास ओल्या मातीत दाबून बसविलेले फुटक्या आरशाचे व बांगड्यांचे तुकडे: वेल, पाने, दोन मोर. संक्रांतीस फुटलेली बांगडीही ती टाकत नसे. गवंडी आला त्या दिवशी ती एवढेच म्हणाली, "अहो, मातीची भिंत ओल धरते तशी ती सोडतेही. वरून दगडासारखा लेप दिलात तर ओल जाणार कुठे?" आम्ही तीस काय उत्तर दिले ते येथे लिहवत नाही. शिकलेल्या माणसाचे उत्तर होते ते.

तिसऱ्या पावसाळ्यात गिलावा फुगला आणि श्रावणातल्या एका रात्री थापेच्या थापा खाली आल्या. येताना आतली मातीही घेऊन आल्या. कारण अगदी साधे आहे: पायातून ओल मातीत चढते, सिमेंट ती बाहेर पडू देत नाही, आत माती मऊ होते आणि जड गिलावा तिच्यासकट सुटतो. सकाळी सगळे माजघर आरशांच्या तुकड्यांनी चमकत होते. तिने केरसुणी घेतली आणि झाडून काढले. 'मी सांगितले होते' असे ती त्या दिवशीही म्हणाली नाही आणि नंतरही नाही. पुढे दोन वर्षांनी ती गेली. भिंत तशीच उघडी राहिली. तिला हात लावण्याचा आम्हांस धीर होईना.

सेवाग्रामाहून परतताना मुलगीच म्हणाली, "बाबा, सुट्टीचे आणखी पाच दिवस आहेत. भिंत घेऊ या?"

घेतली. उरलेले सिमेंट छिन्नीने हलके हलके काढले. खाली पडलेली जुनीच माती पोत्यांत भरून ठेवलेली होती. ती कुटून चाळली, त्यात कुटार व शेण मिसळून भिजत घातली. ही माती आठ दिवस मुरावी. आम्ही तिसऱ्याच दिवशी उतावीळपणे पहिला हात दिला आणि तीस भेगा पडल्या. शेजारच्या म्हाताऱ्या बाई भिंत पाहून म्हणाल्या, "गुरुजी, माती चिकट आहे, रेती घाला." रेती घातली. मग भेगा थांबल्या. शाळेत आम्ही चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईने दाखविल्या, त्याची फेड ह्या भिंतीने करून घेतली म्हणावयाचे.

माती मुरत असताना दुसरे उद्योग निघाले. ट्रंकेत तिच्या आईची विटकी लुगडी होती. ती देऊन टाकावीत की ठेवावीत हा प्रश्न तीन वर्षे पडून होता. मुलीने दोन लुगड्यांचे अस्तर-पांघरूण करून, आत जुनी धोतरे घालून, कडेकडून मध्याकडे धावदोरा घालीत गोधडी शिवावयास घेतली. संस्कृतात ठिगळांच्या वस्त्रास 'कंथा' म्हणतात. बंगाल्यातील प्रसिद्ध 'कांथा' त्याच शब्दाची लेक. तेथील बायका जुन्या साड्यांच्या काठांतून सूत उसवून त्यानेच भरतकाम करीत. हे ऐकताच मुलीने काठ उसवावयास घेतले. अर्धे सूत हातात तुटले, पण अर्धे कामास आले.

रद्दीचेही तसेच. कागद भिजवून, मेथ्यांची पूड घालून उखळात कुटावा आणि उपड्या घागरीवर त्या लगद्याचा सारखा थर द्यावा. वाळला की टोपली सुटून येते. मेथ्यांनी लगदा चिकटतो आणि कीड लागत नाही. आमच्या आजीच्या घरी अशा टोपल्यांत डाळी ठेवीत. वर्धेच्या मगनवाडीत 1934 साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने कुमारप्पांच्या देखरेखीखाली हातकागदाचा उद्योग पुढे आणला आणि 1938 साली गांधीजींच्या हस्ते तेथे मगन संग्रहालय उघडले. ग्रामोद्योगांची साधने तेथे आजही पाहावयास मिळतात. वाचकांनी मुलाबाळांसह अवश्य जावे.

शोभेस पैसा लागतो असे म्हणणाऱ्यांस फैजपूरची आठवण द्यावीशी वाटते. डिसेंबर 1936 मध्ये खानदेशातल्या त्या गावी काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच. शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस आले आणि गावचे बांबू, चटया व खादी एवढ्यावर त्यांनी टिळकनगर सजविले. अध्यक्षांसाठी बैलांचा रथ शृंगारला. एवढा मोठा चित्रकार; पण सामान म्हणून त्याने बुरुडाकडे असते तेच मागितले.

भिंतीचा शेवटचा हात देण्याआधी कोपऱ्यातले फडताळ पुढे ओढले. गवंड्याने श्रम वाचविण्यासाठी ते हलविलेच नव्हते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. त्यामागे हातभर रुंद मातीची मूळ भिंत शाबूत होती. तीवर एक मोर, हिरव्या बांगड्यांच्या पिसाऱ्याचा, डोळ्याच्या जागी आरशाचा तुकडा. मुलगी जमिनीवर बसली आणि बराच वेळ तीस बोलता येईना.

त्यास आम्ही हात लावला नाही. फडताळ दुसऱ्या भिंतीस नेले. समोरच्या नव्या मातीत, ओली असतानाच, मुलीने तसा दुसरा मोर बसविला. त्याची मान थोडी आखूड झाली आहे. बांगड्यांचे तुकडे कमी पडले तेव्हा तिने स्वतःच्या हातातल्या दोन काढून फोडू लागली, ते मात्र आम्ही करू दिले नाही. गावातल्या कासाराकडे फुटक्या बांगड्यांची टोपली भरलेली असते; त्याने पैसे घेतले नाहीत.

तिपाई येथेच ठेवून ती नागपुरास गेली. आम्ही तीवर दिवा ठेवतो. ठेचलेल्या कोपऱ्यावर तेल सांडून खरोखरीचा एक डाग पडला आहे.